चौथी पायरी

दत्ताराम पांचाळांचं पत्र गेल्या वर्षी श्रावणात आलं. निळं अंतर्देशीय, साताऱ्याहून, मुलीच्या घरून. मी उत्तर दिलं नाही. माघात पांचाळ गेले.

पत्र लहानसंच होतं. 'येथील एका फिटरने सांगितले की, हुक बसवण्याआधी गाडीच्या पोटाचे काळे कोटिंग खरवडावे लागते, नाहीतर बोल्ट हळूहळू सैल पडतात. आपल्या कागदात तसे लिहिले होते काय? नसल्यास चूक माझी. असल्यास आपल्या वाचनातून निसटले असेल, मनावर घेऊ नये. फक्त हो की नाही कळवावे.'

हकीकत अशी. आमच्या वाचनालयाने फिरत्या ग्रंथालयासाठी छोटा ट्रेलर घेतला होता. पांचाळ आयुष्यभर मेकॅनिक. त्यांनी आपली जुनी एसयूव्ही देऊ केली आणि ट्रेलर जोडायचा हुक, त्याचं वायरिंग, सगळं आपणच बसवू म्हणाले. पार्सलबरोबर आलेला माहितीचा कागद इंग्रजीत होता. तो वाचून दाखवायचं काम माझं, कारण बत्तीस वर्षं मी तिथला ग्रंथपाल होतो. तिसऱ्याच फेरीला मासळीबाजाराच्या उतारावर हुक निघाला आणि ट्रेलर उघड्या गटारात गेला. कुणाला लागलं नाही. चारशे पुस्तकं गेली. समितीच्या इतिवृत्तात 'जोडकाम सदोष' अशी नोंद झाली. इतिवृत्त निवृत्तीनंतरही मीच लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे म्हणतात. त्यानंतर गावात कुणी पांचाळांकडे गाडी नेली नाही, आणि मुलीने त्यांना साताऱ्याला नेलं.

आज दुपारी जेवून आडवा होतो. छातीवर पुस्तक आहे, चष्मा नाकावरच आहे. छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग बघत असतो. डाग पसरत जातो, काळा होतो, चकाकतो, आणि माझ्या कानाजवळ टपकन एक थेंब पडतो.

मी गाडीखाली आहे. पाठीखाली गोणपाट. गाडीचं पोट नाकापासून वीतभर अंतरावर आहे. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने पत्रा सडतो, म्हणून प्रत्येक गाडीला खालून तो डांबरासारखा लेप देतात; या गाडीला तर दर पावसाळ्याआधी एक, असे थरावर थर चढले आहेत. उन्हाने ते मऊ झालेत. जळक्या रबराचा आणि कुजक्या तेलाचा वास येतो. माझ्या कॉलरच्या आत काहीतरी कोमट सरकतं.

"हलू नका हो लायब्ररी," शेजारून पांचाळ म्हणतात. ते मला याच नावाने हाक मारायचे. "तुमच्या हातातली बॅटरी हलते, मला दोन-दोन बोल्ट दिसतात."

"पांचाळ, तुम्ही तर गेलात."

"गेलो तर गेलो. पाठ दुखत नाही, एवढा एक फायदा. रंग वाचा."

माझ्या दुसऱ्या हातात कागद आहे. मी वाचतो. "पिवळी, डावा इंडिकेटर. हिरवी, उजवा. पांढरी, अर्थिंग. लाल, ब्रेकचा दिवा."

पांचाळ वायरींचा जुडगा दातांनी सोलतात, एकेक वायर सॉकेटच्या खुंटीला लावतात. एकही चुकत नाही. हात अजिबात थरथरत नाही. त्यांच्या बोटांच्या घड्यांत काळं मुरलेलं आहे आणि त्याच बोटांनी ते बिडी काढून मला देऊ करतात. मी मान वळवतो. मला माझ्या मान वळवण्याचीच शिसारी येते.

"वायरिंग झालं," ते म्हणतात. "आता हुकची प्लेट. वाचा."

आम्ही वाचनालयात आहोत. वाचनकक्षातलं लांब टेबल, दुपारची वर्तमानपत्रं वाचणारी तीच चार म्हातारी माणसं. वर छप्पर नाही, गाडीचं पोटच आहे, आणि ते माणसांच्या टकलांवर ठिबकतंय. कुणी मान वर करत नाही. एक जण ओला अंगठा जिभेला लावून पान उलटतो.

"पहिली पायरी," मी हळू आवाजात वाचतो, कारण इथे मोठ्याने बोलायचं नाही असा मीच फलक लावला आहे. "मागचा बंपर उतरवा. दुसरी, चासीची भोकं मोकळी करा. तिसरी, प्लेट धरून मापं जुळवा. पाचवी, बोल्ट घालून आवळा."

पांचाळ टेबलावर बोल्ट ओळीने मांडत असतात. ते थांबतात.

"तीनानंतर पाच? तुमच्या लायब्ररीत असंच मोजतात वाटतं."

"कागदावर तसंच आहे."

"असेल. इंग्रजांचं काय सांगावं."

वर्तमानपत्रामागे कुणीतरी खुदकन हसतं. मी कागद छातीशी धरतो. तो जड व्हायला लागतो, ओला होतो, फुगतो, आणि मी मासळीबाजाराच्या गटारात गुडघाभर पाण्यात उभा असतो. ट्रेलर कलंडलेला आहे. हातातलं पुस्तक पावासारखं फुगलंय. मी ते उघडतो तर पानापानांत खवले चिकटलेले. कोलंबीच्या सालांचा, आतड्यांचा, तीन दिवसांच्या पाण्याचा वास. मी पुस्तकं प्रेमाने हाताळणारा माणूस समजला जातो. मी ते पुस्तक फेकून देतो आणि हात शर्टाला पुसतो, पुन्हा पुसतो.

पांचाळ काठावर उकिडवे बसले आहेत.

"पत्राचं उत्तर नाही आलं," ते म्हणतात.

"शब्द अडला होता, पांचाळ. चौथ्या पायरीत एक शब्द होता. त्याचा अर्थ नीट लागेना. चुकीचं सांगण्यापेक्षा..."

"तुम्हाला शब्द अडला."

"हो."

"डिक्शनरी छातीवर घेऊन झोपणारा माणूस तुम्ही. तुमच्या बायकोनेच मला सांगितलं होतं."

दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आहे, इतकं व्यवस्थित की कधीकधी तो शब्दही मला खरंच आठवेनासा होतो.

"माझं सोडा," पांचाळ म्हणतात. "मला आता काय करायचंय उत्तर घेऊन? तिकडे बघा."

गटाराच्या पलीकडे काठ नाही, साताऱ्याच्या घराची गॅलरी आहे. पांचाळांची मुलगी संजीवनी खाली बसली आहे. तिच्यासमोर वडिलांच्या हत्यारांची लोखंडी पेटी. भंगारवाला एकेक पाना काट्यावर टाकतो.

"जुनी हत्यारं चांगली आहेत, ताई," भंगारवाला म्हणतो. "वापरत का नाही कुणी?"

"बाबांचा हात गेला होता शेवटी," संजीवनी म्हणते. "आम्हाला उशिरा कळलं. नशीब कुणी मेलं नाही."

पांचाळ माझ्याकडे बघत नाहीत. स्वतःच्या हाताकडे बघतात, पालथा, मग उताणा, एखाद्या गिऱ्हाइकाने आणलेला पार्ट तपासावा तसा.

मला ओरडून सांगायचं आहे. तोंडात ते काळं चिकटतं. मी थुंकतो.

"शब्द अडला नव्हता," मी म्हणतो. "सगळं कळलं होतं. खरवडून पत्रा उघडा करा, असं स्वच्छ लिहिलं होतं. मला किळस आली, पांचाळ. ते माझ्या मानेत शिरलं होतं, तोंडावर ठिबकत होतं. खरवडायचं म्हणजे अजून दोन तास बॅटरी धरून त्याखाली पडायचं. मी ती पायरी वाचली, आणि पान उलटलं."

आम्ही पुन्हा गाडीखाली आहोत. पांचाळ वरच्या लेपावर नख ओढून बघतात.

"एवढंच?" ते म्हणतात.

"एवढंच."

"मग तसं म्हणायचं होतंत की. मी म्हटलं असतं, जा, आंघोळ करून या, येताना चहा आणा. बॅटरी मी दातात धरली असती. अर्ध्या तासाचं काम." ते कुशीवर वळतात. "चिडायला तरी मिळालं असतं मला. तुम्ही तेही दिलं नाहीत."

मग ते अंगठा आणि बोट माझ्या चष्म्याला लावतात, तो अलगद काढून स्वतःच्या नाकावर चढवतात आणि कागद डोळ्यांजवळ धरतात. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी ओठ हलवत ती चौथी पायरी वाचतात, सावकाश, शेवटपर्यंत.

जाग येते तेव्हा चार वाजायला आले आहेत. चष्मा नाकावर नाही, उशीशेजारी घडी घालून ठेवलेला आहे. डाव्या काचेवर काळपट तेलकट अंगठ्याचा ठसा आहे. माझ्याच केसांचं तेल असेल. पुस्तकाची शाई उतरली असेल. मी माझा अंगठा त्यावर धरून बघतो. ठसा दोन्हीकडून बाहेर उरतो. साबणाने धुतो, तेव्हा पाण्याला तोच वास येतो. मला ओकारी होते, खरीखुरी, मोरीत. म्हातारा माणूस मोरीच्या कठड्याला धरून ओकतोय, हे दृश्य मला शोभतं असं वाटतं.

मग पत्र लिहायला बसतो. पहिला मसुदा चांगला उतरतो, म्हणून फाडतो. त्यात 'नियती' आली होती. दुसऱ्यात मी स्वतःला इतकं झोडपलं होतं की वाचणाऱ्याला माझीच दया यावी. तोही फाडतो. तिसरा असा:

'चि. संजीवनी हिस, अनेक आशीर्वाद. तुझ्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला होता. उत्तर हो असे आहे. कागदात खरवडण्याची सूचना होती. मी ती वाचली, मला समजली, आणि त्या घाणीत आणखी थांबावे लागू नये म्हणून मी ती त्यांना सांगितली नाही. त्यांच्या हातात दोष नव्हता. वायरिंगची एकही वायर चुकली नव्हती. इतिवृत्तातले वाक्य माझे आहे. ते खोटे असल्याचे समितीला आजच लेखी कळवीत आहे. माझ्याकडेच राहिलेला मूळ कागद सोबत जोडला आहे, चौथी पायरी कोणाकडूनही वाचून घ्यावी.'

समितीचं पत्र वाटेत वाचनालयात देतो आणि पोच घेतो. पोस्टात खिडकीपाशी साळवीबाई आहेत. बंद व्हायला दहा मिनिटं उरली आहेत.

"स्पीड पोस्ट," मी म्हणतो.

त्या लिफाफा काट्यावर ठेवतात, उलटतात, पुन्हा सुलटतात.

"काय हो सर, एवढं सुंदर अक्षर आणि पाठवणाऱ्याचं नावच नाही."

"राहिलं," असं माझ्या तोंडून अर्धं बाहेर पडतं. मी थांबतो. "नाही, राहिलं नाही. टाकलं नव्हतं."

"नावाशिवाय जात नाही." त्या लिफाफा माझ्याकडे सरकवतात. पेनही देतात, दोरीला बांधलेलं. मागच्या माणसाने घड्याळाकडे बघत सुस्कारा सोडलेला मला ऐकू येतो.

मी डाव्या कोपऱ्यात लिहितो: श्रीधर गणेश वझे, निवृत्त ग्रंथपाल. खाली पत्ता, पिन कोडसकट. पेन शेवटच्या आकड्याला अडतं, तो मी दोनदा गिरवतो. साळवीबाई लिफाफा घेतात आणि शिक्का मारतात.