पटाबाहेरच्या दोघी

आमच्या शाळेत मी बारा वर्षं खिचडी शिजवते. कार्ल्याच्या अलीकडची दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, एक गुरुजी, एक बाई. आज मी चार ओळी लिहितेय ना, त्या बाईंमुळेच. डाळ शिजेपर्यंत मला पहिलीच्या पोरांमागे बसवायच्या. जेवायलाही आम्ही दोघी एकत्र. माझा लेक पुण्याला, घरी बोलायला माणूस नाही. दिवसाचं काय ते बोलणं त्या जेवणात व्हायचं.

यंदा पट घसरला. सप्टेंबरअखेर हजेरीपुस्तकात वीस पोरं नसली तर दुसरा शिक्षक उचलतात, असं गुरुजींनी सांगितलं. कमी होती फक्त दोन. म्हणून मे महिन्यात बाई आणि मी दारोदार हिंडलो. एका घरी सूनबाईनं चहा पाजला आणि म्हणाली, "मावशी, इंग्लिश शाळंची गाडी दारात येती. तुमी खिचडी दारात आणून देता का?" आम्हीही हसलो. काय करणार?

मग मला पलीकडच्या बंगल्यावरचा वॉचमन आठवला. माणूस परभणीकडचा, पदरात दोन मुली. जूनमध्ये मीच त्यांना हाताला धरून शाळेत आणलं. आईबाप कामावर, आधार कार्डं गावाकडं राहिलेली. बाईंनी नावं विचारली, मी सांगून टाकली. आई ज्या हाका मारायची त्याच. पट भरला. त्या दिवशी खिचडीत शेंगदाणे जरा जास्तच पडले माझ्या हातून.

गणपती झाल्यावर कार्डं आली, तर त्यांवर वेगळीच नावं. मी सांगितलेली लाडाची होती. कॉम्प्युटरवर नाव जुळलं नाही तर पोर मोजतच नाहीत म्हणे. दुरुस्तीचा अर्ज तालुक्याला गेला, तिथं पडून राहिला आणि तारीख निघून गेली.

दिवाळीनंतर बाईंच्या बदलीचा कागद आला. लांबची शाळा, दोन एसट्या बदलून जायची. मी म्हटलं, "बाई, माझ्या तोंडानं घात केला वो."

"कार्ड बघितल्याशिवाय लिहायला नको होतं मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

कसं नाही लावून घेणार? आता गुरुजी एकटेच दोन्ही खोल्या सांभाळतात. डबा खातानाही मोबाईलवर कसलीशी माहिती भरत असतात, त्यांच्याशी काय बोलणार. मी शेगडीपाशी बसून चार घास खाते. कधीकधी तेवढेही जात नाहीत.

परवा त्या दोघींतली धाकटी ताट घेऊन आली. म्हणाली, "मावशी, बाई कधी येणार?"

"पोरं भरली की येतील."

"मी तर रोज येते की."

मी तिच्या ताटात खिचडी वाढली आणि तिला माझ्याजवळच बसवून घेतलं.