तलाव राइडचा नारळ

अमिरातीतल्या रास अल खैमात राहून सायकल चालवायची तर दोनच दिशा आहेत. एका बाजूला समुद्र, तिकडे वारा समोरून येतो. दुसऱ्या बाजूला डोंगर, तिकडे खडीचे ट्रक समोरून येतात. उत्तरेला हद्द ओलांडली की ओमानच्या मुसंदमचे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्यामधून पाण्याच्या लांब, चिंचोळ्या पट्ट्या आत घुसतात. टूरवाले त्याला अरबस्तानातलं नॉर्वे म्हणतात. नॉर्वेतले लोक स्वतःच्या देशाला युरोपातलं मुसंदम म्हणत असतील असं वाटत नाही. तिकडे जायला पासपोर्ट लागतो, गाडीचा वेगळा विमा लागतो आणि बायकोची परवानगी लागते, म्हणून आमचा चार मराठी माणसांचा ग्रुप डोंगरातल्या धरणांकडे जातो. नकाशावर ती निळी दिसतात. त्या निळ्या रंगावर विश्वास ठेवून आम्ही त्यांना तलाव म्हणतो आणि या सगळ्या उद्योगाला तलाव राइड.

ग्रुपमधला एक जण टिफिन आणि केटरिंगचा धंदा करतो. तो स्वतः सायकल कमी चालवतो आणि व्हॅन जास्त. व्हॅनमध्ये पोहे, चहाचा थर्मास आणि पंक्चरचं सामान असतं. ग्रुप टिकला आहे तो पोह्यांमुळे, हे कुणी कबूल करत नाही.

मोसमाच्या पहिल्या राइडला आम्ही नारळ फोडतो. पूर्वी तो निघताना पुढच्या चाकासमोर फोडायचो. मागच्या वर्षी नारळ फोडला, गणपतीचं नाव घेतलं, यल्ला, म्हणजे चला, म्हणून निघालो आणि करवंटीच्या तुकड्यांवरून जाऊन दोघांची टायरं जागच्या जागी पंक्चर झाली. चारही जण इंजिनिअर किंवा धंदेवाले, पण आधी झाडून घ्यावं हे एकालाही सुचलं नाही. तेव्हापासून नारळ तलावावर पोचल्यावर फोडायचा असं ठरलं. यंदा तो सांभाळायचं काम अण्णांकडे दिलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली. आई गेल्या दिवाळीच्या आधी गेली आणि गावच्या घरात ते एकटे उरले. आम्ही त्यांना व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. त्यांनी आता कायमचं इथेच राहावं, अशी माझी इच्छा होती. इच्छा कसली, हट्ट होता. रोज कुठल्या तरी बहाण्याने मी विषय काढायचो आणि ते रोज म्हणायचे, "बघू." आमच्या घरात "बघू"चा अर्थ नाही असा होतो. मी लहानपणी सायकल मागितली तेव्हाही ते "बघू"च म्हणाले होते.

माझी मुलगी त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, ते तिला मराठीत प्रश्न विचारायचे, आणि दोघांचं उत्तम चालायचं. बाकी वेळ ते बाल्कनीत बसून खडीचे ट्रक बघायचे आणि कुठला जास्त भरलाय ते सांगायचे.

राइडची कल्पना बायकोची. "अण्णांना पाणी आवडतं," ती म्हणाली. "दर मे महिन्यात ते गावच्या धरणावर जातात ना? इथलं दाखवा. मन रमेल."

आमचं जुनं गाव धरणात गेलं. माझा जन्म त्यानंतरचा, पुनर्वसनातल्या नव्या गावठाणातला. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या गावातलं देऊळ उघडं पडतं आणि अण्णा तिथे जाऊन पूजा करून येतात, हे मला माहीत होतं. पण शाळेला सुट्टी लागली की आई मला आजोळी घेऊन जायची, त्यामुळे मी कधी गेलो नाही. माझ्या डोक्यात ती वडिलांची वार्षिक सहल होती. म्हणून बायकोचं म्हणणं मला पटलं. अण्णा व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर मांडीवर नारळ घेऊन बसले आणि आम्ही निघालो.

रस्ता छान आहे. वाडीच्या, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्राच्या, कडेकडेने वळत जातो, मधेच एखादी खजुराची बाग, शेळ्या, आणि मग शेवटचा चढ. त्या चढावर मला दर वेळी ही राइड शेवटची असं वाटतं. वर पोचलो तेव्हा व्हॅन आधीच उभी होती. मी धापा टाकत भिंतीपाशी गेलो आणि खाली बघितलं.

पाण्याचा थेंब नव्हता. भेगाळलेला गाळ, दगड आणि मधोमध एक शेळी.

"दर वेळी असतं हो," केटरिंगवाला अण्णांच्या वतीने माझीच समजूत घालू लागला. "यंदा बारिशच नाही झाली. नेक्स्ट टाइम इन्शाल्ला." मी इतका वैतागलो होतो की हेल्मेट काढायचंही सुचलं नाही. म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांब आणून मी त्याला खड्डा दाखवला होता.

पोहे झाले. मग नारळ शोधला तर नारळ नाही. अण्णाही नाहीत.

ते खाली उतरले होते. धरणाच्या पोटात, पलीकडच्या कडेला, नारळ काखेत धरून चालले होते. मी हाका मारत मागे गेलो. सायकलच्या बुटांना खाली पेडलमध्ये अडकवायच्या कड्या असतात. ते घालून दगडांवरून चालणारा माणूस बदकासारखा दिसतो. मी पोचलो तेव्हा अण्णा एका जागी उभे होते. जमिनीवर दगडांच्या रांगा होत्या, गुडघ्याएवढ्या. त्यांनी एक कोपरा दाखवला.

"घर होतं," ते म्हणाले. "ही चूल."

काळा पडलेला दगड मलाही दिसला. अण्णांचा चेहरा इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा उजळला होता.

"पाणी नाही म्हणून वाईट वाटलं का तुम्हाला?" मी विचारलं.

"वाईट कशाला? कोरडं हाय ते बरं हाय. हिथल्या माणसाला बारा महिने घर बघायला मिळतं."

मी हेल्मेट काढलं. हा माणूस आयुष्यभर धरणाचं पाणी बघायला नाही, पाणी गेलेलं बघायला जात होता, आणि आम्ही नवरा-बायकोने त्याला पाण्याची आवड आहे असं ठरवून टाकलं होतं.

त्यांनी नारळ चुलीच्या दगडावर ठेवला.

"काका, फोडा की!" वरून आवाज आला.

"दुसऱ्याचं घर हाय," अण्णा मला म्हणाले. "आपण कसा फोडायचा?"

मग ते कोपऱ्यावरच्या दगडावर बसले आणि मी रोज काढायचो तो विषय त्यांनी स्वतः काढला. "तू राहा म्हणतोस. सूनबाई चांगली हाय, पोरगी चांगली हाय. पण मे महिन्यात तिकडं दिवा कोण लावणार? आधी पंधरा-वीस जण जायचो. गेल्या साली दोघं होतो. त्यातल्या दुसऱ्याला आता उठवत न्हाई."

मला राग आला. देवावर रागावून उपयोग नव्हता, तो बहुतेक काळ पाण्याखाली असतो. आणि खूप वाईटही वाटलं, कारण त्यांना थांबवण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. नुसतंच विचारायचं म्हणून विचारलं, "देवळापर्यंत जाता कसं?"

"सायकलनं."

"पाण्यातून?"

"पाणी उतरलं की आधी कळस निघतो, मग पार, मग बाजाराचा रस्ता. खडीचा हाय, तसाच हाय अजून. दोन-चार आठवडे वर असतो. तुझी आई म्हणायची, म्हाताऱ्या, चिखलात पडशील. पडलोय दोनदा."

सत्तरी ओलांडलेला हा माणूस दर वर्षी तळ्याच्या तळातून राइड करत होता, आणि मी महागडी सायकल घेऊन निळ्या रंगाला फसत होतो.

त्या संध्याकाळी घरी मोबाइलवर राइडचं ॲप उघडून मी त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी गावच्या धरणाच्या निळ्या पट्ट्यावर बोट टेकवलं. "हितं चिंच होती. हितं उतार. हितनं डावीकडं." मी बोटामागून रेघ ओढत होतो आणि ॲप दर वेळी ती काठावरच्या डांबरी रस्त्यावर नेऊन टाकत होतं. शेवटी मी रस्ता शोधायची सोय बंद केली आणि पाण्यावरून सरळ रेघ मारली. मुलगी वाकून बघत होती. "आजोबा, दॅट्स अ लेक," ती म्हणाली.

"मे महिन्यात न्हाई," अण्णा म्हणाले.

मी त्यांचं परतीचं तिकीट काढलं. ते ठेवून घ्यायला त्यांनी हात पुढे केला. "मेमध्ये मी येतो," मी म्हणालो आणि "बघू"ची वाट बघत उभा राहिलो.

"ये," अण्णा म्हणाले. मग माझ्या दारातल्या सायकलच्या बारीक टायरांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. "ही नको आणूस. माझी घे. मी मागं बसतो."