बिनजनावरांची कडबाकुट्टी

आमच्या घरी गाय नाही, म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. जनावरांचा चारा कापायची कडबाकुट्टी मात्र आहे. विजेवर चालणारी, हिरव्या रंगाची, अंगणात कडुलिंबाखाली मानानं उभी. येणारा पाहुणा आधी यंत्राकडे बघतो, मग गोठ्याच्या शोधात इकडेतिकडे बघतो आणि शेवटी माझ्याकडे बघतो. बघू दे! मी ते विकणार नाही, झाकून ठेवणार नाही आणि त्याबद्दल कुणाची माफीही मागणार नाही.

यंत्र आलं भांडणातून आणि भांडण सुरू झालं खोल्यांवरून. भूकंपानंतरच्या काही वर्षांत लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. गावोगावची पोरं ट्रंक आणि गादी घेऊन एसटीतून उतरायला लागली आणि ज्याच्याकडे चार हात मोकळी जागा होती त्यानं खोल्या बांधल्या. गच्चीवर खोल्या, गोठ्यात खोल्या, जिन्याखाली खोली (तिच्यात राहिलेला पोरगा पुढे डॉक्टर झाला म्हणतात, पण मान अजून तिरपीच धरतो). आमचे शेजारी नागनाथअप्पा डाळीच्या धंद्यातले. त्यांनी आमच्या भिंतीला चिकटून मोठं वसतिगृहच उठवलं. गल्लीत मोकळं अंगण उरलं ते एकट्या माझं.

या अंगणात एक लिंब आहे. भूकंपानंतर घरात पाऊल टाकायची कुणाची छाती होत नव्हती, तेव्हा आम्ही नवराबायको, आमची लेकरं आणि निम्मी गल्ली या लिंबाखाली झोपत होतो. त्याच्या फांदीला दोरी बांधून वर ताडपत्री ताणली होती. जरा काही हललं की सगळे उठून बसायचे, वर बघायचे आणि डोक्यावर स्लॅब नाही, पानं आहेत, हे पाहून पुन्हा आडवे व्हायचे. त्या दिवसांपासून माझा या झाडावर जीव आहे. ते पाडून त्या जागी स्लॅब टाकायचा? माझ्या हयातीत नाही!

हे मी माझ्या मेहुण्याला दर रविवारी सांगायचो. प्रल्हाद म्हणजे माझ्या बायकोचा, शोभाचा, धाकटा भाऊ. राहणार औसा, धंदा बांधकामाचा.

“दाजी, खोल्या काढा खोल्या! झाड काय भाडं देतंय का?”

“सावली देतं.”

“सावलीत पोरं अभ्यास करतेत व्हय? अन् पाला पडतोय त्यो येगळाच!”

पाल्याचं म्हणणं मात्र खरं होतं. लिंबाचा पाला, सीताफळाचा पाला, मेंदीच्या कुंपणाची छाटणी, जास्वंदीच्या फांद्या, असा ढीग साठायचा. मी तो जाळायचो आणि धूर सरळ अप्पांच्या खिडक्यांत जायचा.

“सर,” अप्पा एकदा भिंतीवरून डोकावून म्हणाले, “पोरं फिजिक्स वाचून राहिली का रडून राहिली, तेच कळंना झालंय!”

शेवटी शोभानं निर्वाणीचं सांगितलं. “हे बघा, औंदा संक्रांतीचं हळदीकुंकू मला अंगणात करायचंय. तवर पाला हटला न्हाई, तर मीच प्रल्हादला सांगते, टाक बाबा खोल्यांचा पाया!”

मी शाळेत भूगोल शिकवायचो. नद्यांचे प्रवाह बदलतात हे मी मान्य करतो, माझं मत बदलत नाही. रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात मी ऐकलं होतं की पालापाचोळा बारीक करून झाडांच्या बुडाशी अंथरला तर ओल टिकते आणि पुढे त्याचंच खत होतं. ठरलं! पाला जाळायचा नाही, फेकायचा नाही. कापायचा!

दुसऱ्याच दिवशी गंजगोलाईच्या बाजारपेठेअलीकडच्या एका यंत्रांच्या दुकानात गेलो.

“जनावरं किती हायत?” दुकानदारानं विचारलं.

“एकही नाही.”

“शेरडं?”

“नाहीत.”

“मंग कुट्टी खानार कोण?”

“झाडं.”

दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तापातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात त्यानं एकेक यंत्र दाखवायला सुरुवात केली. पहिलं हातानं फिरवायच्या चाकाचं. मी चाक फिरवून पाहिलं. चाक अर्धं फिरलं, मी पूर्ण फिरलो. दुसरं ट्रॅक्टरवर चालणारं. ते घ्यायचं तर आधी ट्रॅक्टर घ्यावा लागणार होता आणि बिनशेतीचा ट्रॅक्टर मलासुद्धा जरा जास्त वाटला. तिसरं विजेच्या मोटरचं.

“ह्यात फांद्या जातील का?” मी विचारलं.

“कडबा जातो. बोटाएवढी फांदी जाईल. मनगटाएवढी घातली तर फांदीबी जाईल अन् पातंबी जाईल.”

“अजून काही?”

“चालू असताना मफलर गळ्यात ठेवू नका. लई मान्सं मफलरीपायी गेली.”

मी तिसरं घेतलं. हे सगळं तोलूनमापून केलं असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, पण खरं कारण रंग. झाडीला शोभेल असा हिरवा होता.

यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा असा घरघराट झाला की अप्पांची पोरं पुस्तकं टाकून जिन्यानं खाली आली. (आमच्याकडे घरघर ऐकून माणूस खाली उतरतो, ते उगीच नाही.) मी हात हलवून सांगितलं, “काही नाही रे, पाला आहे!” दिवस मावळेपर्यंत माझ्यापुढे कमरेएवढा कुट्टीचा ढीग उभा राहिला. ओला, हिरवा, झकास वासाचा! त्यावर रेडिओच्या सल्ल्याप्रमाणे शेणकाला आणि गुळाचं पाणी शिंपडलं आणि शोभाला हाक मारून म्हणालो, “बघ, हटला पाला!”

ती आली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “हटला कुठं? नुसता बारीक झाला.”

त्यात भर म्हणजे प्रल्हादनं त्याच आठवड्यात दोन मजूर लावून भिंतीपासून लिंबापर्यंत एक सरळ चर खोदून घेतला. मी शाळेत असताना!

“नुसतं बघाया खांदलंय, दाजी. जिमिनीचा अंदाज!”

मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शोभानं भावाची बाजू घेतली आणि आमच्यात अबोला सुरू झाला. त्यातच शाळेनं मला प्रशिक्षणाला नांदेडला धाडलं. परत आलो तेव्हा हळदीकुंकू उरकलं होतं आणि अंगण पार बदललं होतं. चर बुजवलेला, वर सपाट माती, सडा, रांगोळी. आणि माझा ढीग गायब!

मी निष्कर्ष काढले. चर बुजला, म्हणजे प्रल्हादनं हार मानली. ढीग गेला, म्हणजे शोभानं माझी कुट्टी गवळ्याच्या म्हशींना घातली. पहिल्याचा आनंद झाला, दुसऱ्यानं तळपायाची आग मस्तकात गेली, पण विचारलं काहीच नाही. अबोला म्हणजे अबोला! दुसऱ्या दिवशी शोभा माहेरी औशाला तिळगूळ द्यायला निघाली. जाताना भिंतीला उद्देशून म्हणाली, “शिंक्यात भाकरी हाय.” मीही भिंतीलाच म्हणालो, “बरं.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. भिंतीपलीकडून अप्पांची आरोळी आली.

“सर! ओ सर! भाईर या! तुमची जमीन धुमसून राहिली!”

मी मफलर गुंडाळून बाहेर आलो आणि जागेवर थिजलो. अंगणातून वाफ निघत होती. भिंतीपासून लिंबापर्यंत. अगदी सरळ रेषेत!

दुसऱ्या कुणाला नुसती वाफ दिसली असती. मला भूगोल दिसला. सरळ रेष, म्हणजे जमिनीच्या पोटातली भेग. वाफ, म्हणजे आत उष्णता. मी वाकून मातीवर हात ठेवला. गरम! वरच्या मातीत बोट खुपसलं आणि भाजल्यासारखं झटकन बाहेर काढलं. नाकाशी नेलं तर कसला तरी उग्र, आंबूस, कडवट वास. गंधक! दुसरं काय असणार? (मी गंधक फक्त पुस्तकात वाचला होता.) लातुरात ज्वालामुखी नाही, होऊ शकत नाही, हे मी वर्षानुवर्षं वर्गात ओरडून सांगितलं होतं आणि तो माझ्याच अंगणात रांगोळीखालून निघत होता.

“अप्पा,” मी शांतपणे म्हणालो (फक्त मफलर थरथरत होता), “पोरं बाहेर काढा.”

“आँ?”

“पोरं बाहेर काढा! आणि गॅसच्या टाक्याही!”

एवढं बोलायची खोटी, गल्ली पेटली. पोरं वह्या छातीशी धरून पळाली. कुणी गादी काढली, कुणी टीव्ही, कुणी सासऱ्याला. एका काकूंनी धावत येऊन त्या रेषेवर नारळ फोडला आणि हळदकुंकू वाहिलं. दुसरीनं “शांत हो गं माय!” म्हणत घागरभर पाणी ओतलं. त्याबरोबर फस्सकन वाफ उठली आणि नारळवाल्या काकू माझ्या अंगावर येऊन पडल्या.

“सर, आता काय करावं?” “सर, किती येळ हाय?” “सर, तुमीच सांगा!” सगळे माझ्याभोवती जमले. इतकं लक्ष माझ्या वर्गानं मला कधी दिलं नव्हतं! सगळ्यांना दिसावं म्हणून मी उंचावर चढलो (म्हणजे कडबाकुट्टीवरच, दुसरं उंच काही नव्हतं) आणि भूपृष्ठ, लाव्हारस, भूगर्भातला दाब यांवर बोलू लागलो. मागून एका पोरानं हात वर केला.

“सर, हे पेपरात येतं का?”

मी लाव्हा वर आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली. तिच्यातून शोभा उतरली, प्रल्हाद उतरला आणि टेप घेतलेला एक गवंडी उतरला. मी शाळेत गेलो असेन या हिशेबानं खोल्यांची मापं घ्यायला आले होते! पण माझ्या अंगणात गर्दी, फुटलेला नारळ आणि हळदकुंकू पाहून शोभाचा चेहरा पांढराफटक पडला. गर्दी ढकलत ती ओरडली, “काय झालं? हे कुठं हायत?”

“मी इथं आहे!” मी यंत्रावरून म्हणालो. “मागे हो! जमीन फाटतीये!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाफेकडे पाहिलं. मग पदर खोचला, भिंतीशी टेकवलेलं फावडं उचललं आणि गल्ली श्वास रोखून बघत असताना त्या भेगेत खचकन मारलं. माती उडाली आणि खालून काळपट हिरवा, वाफाळलेला, जास्वंदीच्या तुकड्यांचा पाला वर आला.

“अवो,” ती म्हणाली, “ही तुमचीच कुट्टी हाय की!”

तिनं फावड्यानं आणखी थोडा पाला उकरून दाखवला.

“हळदीकुंकवाला बायका यायच्या म्हणून ढीग त्या चरात लोटला अन् माती ओढली. तरीच त्या दिवशी बायका उठंनात! म्हनल्या, शोभाताई, तुमच्या अंगणात ऊब लई हाय!” आणि ती हसायला लागली. फावड्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “एका शब्दानं इचारायचं तरी मला!”

मग अप्पा हसले, पोरं हसली, नारळवाल्या काकू तर खालीच बसल्या. आता दुसरा एखादा माणूस खाली मान घालून घरात गेला असता. मी यंत्रावरून उतरलो नाही.

“उष्णता खरी होती!” मी गरजलो. “हात लावून बघा! ओला पाला दाबून ठेवला की तो आतून तापतो. हेही शास्त्रच आहे!”

“शास्त्र हाय, पर लाव्हा न्हाई!” अप्पा म्हणाले.

पण खरी गंमत पुढेच झाली. प्रल्हाद गवंड्याला म्हणाला, “चल, धर टेप.” गवंडी जागचा हलेना.

“म्या न्हाई, प्रल्हादभाऊ. ह्या जागंत आग हाय.”

“अरे, पाला हाय त्यो! अक्कानं दावला न्हवं?”

“वरचा पाला असंल. खालचं कुणी बगितलंय? सर सोता म्हनले न्हवं ज्वालामुखी हाय म्हणून? भूगोलाचे सर हायत ते!”

त्यानं टेप गुंडाळून प्रल्हादच्या हातात दिला आणि गेला. त्याचा दुसरा भाऊबंद आला, तोही गेला. प्रल्हाद महिनाभर गवंडी शोधत राहिला. बातमी तोवर डाळ मिलपासून कोर्टापर्यंत पोचली होती आणि पोरांना खोल्या बघायला आलेले आईबाप आमच्या घराजवळ पाऊल उचलून टाकायला लागले होते. शेवटी प्रल्हादनं हात टेकले. “दाजी, ऱ्हाऊ द्या तुमचं झाड,” म्हणाला आणि खोल्यांसाठी आणून ठेवलेल्या ट्रकभर विटा औशाला परत घेऊन गेला.

त्या उन्हाळ्यात ती कुट्टी मी चरातून उपसली आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी पसरली. मोगऱ्याला अशी फुलं आली की शोभा रोज गजरा माळायची आणि रोज ज्वालामुखीची आठवण काढून हसायची. अबोला तेव्हाच मोडला तो मोडलाच. लिंब उभा आहे. यंत्रही. दर संक्रांतीला त्या रेषेवर कुणीतरी गुपचूप नारळ ठेवून जातं. खोबऱ्याची वडी होते, शेंडी कडबाकुट्टीत जाते.

फक्त एक झालं. मला आता नावानं कुणी ओळखत नाही. स्टँडवर रिक्षात बसलो की रिक्षावाला आरशात बघून म्हणतो, “ज्वालामुखीवाले सर ना? बसा. आता शांत हाय का तो?”

लातुरात ज्वालामुखी नाही, असं पोरांना शिकवत मी निवृत्त झालो. पण औशाला प्रल्हादकडे टेप अजून आहे. म्हणून मी मफलर नीट करतो, खिडकीतून बाहेर बघतो आणि गंभीरपणे म्हणतो, “सध्या शांत आहे. पण भरवसा नाही.”