स्वेटरासकट वजन

गेली बावीस वर्षं अंगणवाडीच्या बाई वस्तीतल्या तान्ह्या मुलांची वजनं करत होत्या. वाढीच्या तक्त्यावर एखाद्याचा ठिपका कुपोषणाच्या लाल पट्ट्यात पडला की साहेब त्यांनाच फैलावर घेत, म्हणून थंडीत त्या कुणाचा स्वेटर उतरवत नसत. पावशेर लोकरीच्या जोरावर ठिपका हिरव्यात जाई आणि सगळे खूश.

आज काट्याच्या झोळीत त्यांचीच नात होती. बाईंनी तिच्या स्वेटरची बटणं काढायला घेतली.

"राहू द्या की, आई," सून म्हणाली. "बाकीच्यांचा ठेवता ना?"

"दोन महिने खोकतेय ती. खरं काय ते कळू दे."

ठिपका लाल पट्ट्यात पडला. बाई दवाखान्याची चिठ्ठी लिहायला बसल्या.

रांगेतल्या पहिल्या आईने आपल्या पोराला जवळ ओढलं. "आमच्याचाही काढू का?"

बाईंना मान वर करवेना. "काढ," त्या म्हणाल्या.