पेशंट कोण?

आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. नवीन पनवेलमधल्या एका डॉक्टरबाईंना उरणकडच्या गावांतले पेशंट मोबाईलवर बघता यावेत, म्हणून आम्ही अ‍ॅप बनवत होतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारं, आणि तेही दिवाळीच्या आत. वेळ पुरेना, तशी आम्ही एकेक सोय छाटत गेलो. एका नंबरावर घरातल्या सगळ्यांची नावं घालायची सोय होती, तीही काढली. एक नंबर, एक पेशंट.

पहिल्या खऱ्या कॉलला बाईंनी मला शेजारी बसवलं आणि समोरच्यांना तसं सांगितलं. स्क्रीनवर एक आजी आल्या. मागे अख्खं घर उभं. फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता.

"काय होतंय, आजी?"

"मना? मना काय नाय. मी बरी हाय."

मागे हशा पिकला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अपॉइंटमेंट भलत्याच नावावर पडली की काय, कळेना.

"मग पेशंट कोण?"

कुणीच बोलेना. आवाज गेला असं वाटून मी सेटिंग उघडली. आवाज ठीक होता, त्यांच्या घरातला पंखासुद्धा ऐकू येत होता.

"फोन कुणी धरलाय?" बाईंनी विचारलं.

"मी, सून," बारीक आवाज आला. "नंबर आईंचा हाय ना."

बाई म्हणाल्या, "बाळा, व्हिडिओ बंद कर आणि फोन घेऊन अंगणात जा." मग मला म्हणाल्या, "तू जरा बाहेर बसतोस?"

बाहेरून मी मैत्रिणीला फोन लावला. "त्यांनी व्हिडिओच बंद केला."

"मग आपण इतके दिवस केलं काय?"

थोड्या वेळाने बाईंनी आत बोलावलं. "तिला इकडे यायला सांगितलंय, एकटीला," म्हणाल्या. "चांगलं झालंय तुमचं अ‍ॅप." नेमकं काय चांगलं झालंय, ते विचारायचा धीर झाला नाही.

सुनेचं नाव घालता यावं म्हणून काढलेली सोय परत घालायला आम्ही बसलो. मग मैत्रीण म्हणाली, "पण ते सासूलाही दिसणार की!" खरंच होतं. ते काम तिथेच सोडलं. शेवटी नुसत्या आवाजावर बोलायचं बटण तेवढं मोठं केलं आणि अ‍ॅप देऊन टाकलं.

ती सून आली का, हे मी बाईंना विचारलं नाही. विचारायचं असतं की नसतं, तेच मला अजून समजलेलं नाही.