ओलाईची सैल तार

स्कोरडालच्या कड्यावर एकटा राहणारा ओलाई भारी तापट. त्याचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. त्याच्या दारापुढे चार खाचरांएवढं गवत, मग सहाशे मीटरांचा उभा कडा आणि खाली काळी खाडी. एके काळी ही सगळी दरी बर्फाने काठोकाठ भरलेली होती. त्या बर्फाने डोंगर दोन्ही अंगांनी खरवडून उभ्या भिंती केल्या आणि मग तो वितळून गेला. भिंतींचा टेकू गेला तो गेलाच. शहाण्या माणसाने तिथे घर बांधलं नसतं, पण शेरडांना लागणारं गवत तिथेच उगवत होतं.

ते गवत खाली पाठवायला एक लोखंडी तार होती. वरचं टोक कड्याच्या अगदी कडेच्या खडकात ठोकलेल्या कडीला, खालचं खाडीकाठच्या रहाटाला. भारा आकड्याला अडकवून सोडला की शीळ घालत खाली. रहाट पेडरच्या अंगणात होता. पेडर म्हणजे ओलाईच्या धाकट्या बहिणीचा, गुनवोरचा नवरा.

दर उन्हाळ्यात ही तार सैल पडायची. पहिल्या वर्षी दोन बोटं, मग वीत, मग हातभर. ओलाईच्या मते कारण एकच : पेडर रहाट उलटा फिरवतो. भारे मध्येच झाडीत अडकतात आणि मग हा ते लाटतो.

"अरे, नवी तार लांबते जराशी," पेडर म्हणायचा.

"अकरा वर्षं झाली, अजून नवीच का रे, चोरा?"

एका वर्षी ओलाईने दाताळ्याच्या दांड्याने पेडरचा खांदा मोडला. पुढच्या वर्षी पेडरने त्याचे दोन दात पाडले. गुनवोरने दोघांच्याही जखमा धुतल्या आणि दोघांनाही शिव्या घातल्या.

त्या वर्षी ऑगस्टभर पाऊस थांबला नाही. सोमवारी ओलाई खाली उतरला, तार खणखणीत ताणली, रहाटाला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. "आता फिरव म्हणावं!"

बुधवारी सकाळी तार सुटलेल्या पोटासारखी लोंबत होती. ओलाईने कुऱ्हाडीचा दांडा उचलला. घरामागच्या वाटेवरची खडकातली भेग तो लहानपणापासून एका ढांगेत ओलांडायचा. आज उडी मारावी लागली. रागाच्या भरात त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. दोन तासांची वाट त्याने एका तासात उतरून काढली.

कुलूप जागच्या जागी होतं. साखळीचा एक दुवासुद्धा हलला नव्हता.

खालचं टोक हललं नव्हतं, म्हणजे वरचं जवळ आलं होतं. ओलाईने मान वर केली आणि त्याला भेगेवरची ती उडी आठवली. खडक चालत होता. अकरा वर्षं तो चालतच होता.

"आलास का, कोतवाल?" पेडर दारातून म्हणाला.

"पेडर, तू तार सैल केली नव्हतीस. कधीच नव्हतीस. डोंगर सुटलाय. पोरींना घे आणि पूर्वेच्या वाटेने वर चल. आत्ता!"

पेडर पोट धरून हसला. "म्हणजे मी चोर नाही, खडक चोर! आणि आम्ही निघालो की घरजमीन तुझ्या घशात, नाही का?"

ओलाईने त्याच्या नाकावर ठोसा मारला. रक्ताची धार लागली. पण गुनवोर हसली नाही आणि ओरडलीही नाही. आपला भाऊ चूक कबूल करतोय हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. तिने थोरलीचा हात धरला, धाकटीला पाठीवर घेतलं आणि चुलीवरचं दूध तसंच उतू जाऊ देत ती निघाली.

"पेडर, चल रे!"

"रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणू दे त्याला, मी चोर नाही म्हणून, मग बघू!"

ओलाईने त्याची गचांडी धरून त्याला फरफटत नेलं. पेडरने वल्हं उचलून त्याच्या कानशिलावर हाणलं. ओलाई कोसळला, उठला, पुन्हा धावून गेला, पुन्हा मार खाल्ला. तेवढ्यात वरून बैलगाडीएवढा धोंडा गोठ्यावर आदळला. आत बांधलेली गाय ओरडली. पेडर तिला सोडवायला धावला.

ओलाई उलट्या दिशेला पळाला. जन्मभर त्याला हे पळणं विसरता आलं नाही. वाटेत त्याने धाकटीला गुनवोरच्या पाठीवरून ओढून खांद्यावर घेतलं. मागे कडा फुटला. अख्खा खडक गवत, ओलाईचं घर आणि कडी यांच्यासकट खाडीत गेला आणि खाडी उठली. लाटेने काठावरची झाडं मुळांसकट उपटली, कोठार चिरडलं. तिचं पाणी या चौघांच्या पावलांखाली दोन माणसांच्या उंचीएवढ्या अंतरावर येऊन फुटलं. परत जाताना ती खालचं सगळं चाटूनपुसून घेऊन गेली.

रविवारी चर्चमध्ये पेडरच्या रिकाम्या शवपेटीपुढे ओलाई बाकावरून उठला. कानशील अजून काळंनिळं होतं. "पेडरने तार कधीच सैल केली नव्हती," तो पुटपुटला.

"मोठ्याने," गुनवोर म्हणाली.

त्याने मोठ्याने सांगितलं.

"शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं नाही, दादा. परत सांग."

तो परत बोलला. गुनवोर समोर बघत राहिली आणि म्हणाली, "परत."