विक्रोळीतला कुडू

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, प्रॅक्टिकलच्या दिवशी ट्रे मांडायचे, परीक्षेच्या वेळी बेडूक कमी पडू द्यायचे नाहीत, असं काम. पण मला आणखी एक काम येत होतं, ते नोकरीच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला मेलेले पक्षी भरता येत होते. माझ्याआधी तिथे एक म्हातारा शिपाई होता, त्याने शिकवलं. कातडं कसं सोडवायचं, टाकणखार कुठे चोळायचा, पिसं कशी बसवायची, सगळं. तो निवृत्त झाला तोवर माझ्या हातून चार पोपट, एक बगळा आणि एक मुंगूस तयार झालं होतं. मुंगूस जरा लठ्ठ झालं होतं, पण चालून गेलं.

मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधी एक उंच, वाकलेले पारशी गृहस्थ आमच्या सरांना भेटायला आले. राहायला अंधेरीला. आयुष्याची पंचवीस वर्षं त्यांनी आफ्रिकेत, झांबियातल्या तांब्याच्या खाणीत इंजिनियर म्हणून काढली होती. आता कायमचे परत आले होते. येताना बोटीने त्यांनी शिंगांसकट एक मुंडकं आणलं होतं. त्यांनी स्वतः शिकार केलेल्या कुडूचं. कुडू म्हणजे तिकडचं मोठं रानजनावर, आपल्या नीलगाईच्या लांबच्या नात्यातलं. पण बोटीवरच्या दमट हवेत आणि नंतर इथल्या दोन पावसाळ्यांत त्याची पार वाट लागली होती.

"शहरातल्या दुकानदाराने हात वर केले," ते म्हणाले. "बोलला, फेकून द्या."

सर हसले. "अहो, आम्ही पोपट भरतो. हे तर घोड्याएवढं असेल."

मी मागे ट्रे पुसत होते. "मी बघू का?" असं तोंडातून निघूनच गेलं. सरांनी वळून पाहिलं, त्या गृहस्थांनीही. मग ते म्हणाले, "रविवारी ये, दीकरी. बघायला काय जाते?"

रविवारी अंधेरीला गेले. कुडू एका खोलीत जमिनीवर, जुन्या चादरीवर ठेवला होता. शिंगं पाहून मी दारातच थांबले. एकेक शिंग माझ्या छातीपर्यंत येईल एवढं, आणि पिळदार. मुळापासून टोकापर्यंत अडीच वेढे. खालचा चेहरा मात्र बघवत नव्हता. एक डोळा नव्हता. नाक आक्रसून दात दिसत होते. दोन्ही कानांतल्या कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, भुगा होऊन कान लोंबत होते. मानेला वीतभर चीर गेली होती आणि केसांना जागोजाग कसर लागली होती.

मी बघत होते तेव्हा काकांनी, म्हणजे त्या गृहस्थांनी, शिकारीची गोष्ट सांगितली. त्यांचं मराठी त्यांच्या वळणाचं होतं.

"तीन दिवस चालला आम्ही. काट्यांचा रान, वर ऊन. माझ्याबरोबर तिकडचा एक माणूस होता, माग काढणारा. तिसऱ्या दिवशी तो बोट दाखवते, मी बघते तर नुसता झाडी. मी बोललो, कुठे? तो बोलला, बघत राहा. आणि मग एक झाडाने कान हलवला."

"मग?"

"मग काय, पहिली गोळी फुकट. मी लाजेने मेला. तो माणूस हसला नाय. बोलला, बस, पाणी पी. परत दोन तास माग काढला त्याने. एक वाकलेला गवत बघून चालायचा. दुसऱ्या गोळीला पडला कुडू. मांस सगळा गावाने नेला, एक हाड फुकट नाय गेला. माझ्या वाटणीला हे." त्यांनी शिंगावरून हात फिरवला. "लोक मला शिकारी बोलतात. शिकार त्याने केला. मी फक्त चाप ओढला."

मला त्या जनावराची दया आली, खोटं कशाला बोलू. एवढं देखणं धूड कुणाच्या काय वाटेला गेलं होतं! पण ते मरून गेलेलं होतं, आणि आता त्याचं जे उरलं होतं तेही कसरीच्या तोंडी जात होतं. निदान तेवढं तरी मला थांबवता येईल असं वाटलं. मी म्हटलं, "एक महिना लागेल. आणि मी घरी नेईन. इथे येऊन-जाऊन होणार नाही."

टॅक्सीच्या टपावर बांधून कुडू विक्रोळीला आला. आम्ही टेकडीवरच्या चाळीत राहायचो. दोन माणसांनी तो वर चढवला तेव्हा अख्खी गॅलरी बाहेर आली. आईने दारातच अडवलं.

"ह्या काय हाडलंस गो? जनावराचा मुंडक्या?"

"आई, महिनाभरच."

"आणि आमी निजाचा खंय? ह्याच्या शिंगांवर?"

प्रश्न बरोबर होता. खोली एक आणि माणसं तीन. शेवटी कुडू गॅलरीच्या टोकाला, आमच्या दाराबाहेर, एका पाटावर बसला, वरून प्लॅस्टिकचा कागद.

बाबा खुर्चीवरून उठलेच नाहीत. त्या काळात ते कशावरच बोलत नसत. गिरणीत ते विणकर होते. संपाला दोन वर्षं होऊन गेली होती, त्यांची गिरणी उघडली नव्हती आणि ती उघडणार नाही हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्चीवर बसायचे. एवढंच.

मी कामाला लागले. आधी कसर मारली. मग शिंगं काढली. कुडूचं शिंग म्हणजे आत हाडाचा खुंट आणि त्याच्यावर शिंगाची टोपी. टोपी सैल झालेली होती, हळूहळू पिळत काढली तर हातात आली. आतला जुना भुगा आणि किडे साफ केले. कातडं ओल्या भुश्यात ठेवून मऊ केलं. नाकासाठी कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर, वरून मेण, मेणात काजळ. नाकाचा आकार समजावा म्हणून जोगेश्वरीच्या तबेल्यात जाऊन अर्धा दिवस गाई-वासरांच्या तोंडासमोर बसले. तबेलेवाल्या भय्याला वाटलं, गाय विकत घ्यायची आहे.

डोळ्यासाठी प्रयोगशाळेतली एक फुगीर वॉच-ग्लास, म्हणजे काचेची उथळ वाटी, घेतली आणि तिला आतून रंगवलं. पहिला डोळा खेळण्यातल्या बाहुलीसारखा झाला, कारण मी डोळ्यातली बाहुली गोल काढली होती. शिल्लक राहिलेला काचेचा डोळा नीट पाहिला तेव्हा कळलं, कुडूची बाहुली आडवी असते. आमच्या टेकडीवर बकऱ्या पुष्कळ. एकीला केळ्याचं साल देत देत तिच्या डोळ्यात इतका वेळ पाहिलं की मालकीण म्हणाली, "दृष्ट लावतेस काय गं?" पाचवा डोळा जमला.

मानेच्या चिरेशी मात्र अडले. कातडं जुनं, टाका घातला की फाटायचं. दोनदा शिवलं, दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा सुई खाली ठेवली आणि नुसती बसून राहिले. बाबा खुर्चीवरून उठले, बाहेर आले, चिरेवरून बोट फिरवलं.

"सुई जाडी हा," ते म्हणाले. "माका दी."

आईच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई त्यांनी घेतली. चिरेच्या दोन्ही कडांना आतून मलमलची पट्टी चिकटवून घेतली आणि टाका कातड्यात न घालता त्या मलमलीत घालायला लागले. आयुष्यभर तुटलेले धागे चालत्या मागावर जोडलेली बोटं ती. चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी वरचे केस ओल्या फडक्याने खाली बसवले आणि मला म्हणाले, "शोध बघू." मला चीर सापडेना. मी खरंच शोधत होते.

मग कानांचा प्रश्न. कूर्चेच्या जागी पातळ, ताठ पण वाकणारं काहीतरी हवं होतं. बाबांनीच पलंगाखालून एक मोठं पाकीट काढलं. गिरणीतल्या खोकल्यासाठी काढलेले त्यांच्या छातीचे एक्स-रे.

"बाबा, डॉक्टरांना लागतील ना."

"जुने हत. काप."

कापले. फिल्म झकास वळली. कान उभे राहिले आणि पाटावरच्या जनावराला जाग आल्यासारखं वाटलं.

शिंगं बसवायची तेवढी राहिली होती, तेव्हा एका रविवारी दुपारी वनखात्याची दोन माणसं चाळीत आली. एक साहेब, एक शिपाई. कुणीतरी कळवलं होतं की इथे हरणाचं मुंडकं लपवलंय. लपवलेलं कसलं, आल्यागेल्याचं डोकं त्याला आपटत होतं. पण साहेबांनी कागद मागितला आणि कागद अंधेरीला होता.

"सांबर आहे," शिपाई म्हणाला. "उचला."

आई रडायलाच लागली. गॅलरीत गर्दी झाली. पण महिन्याचं काम त्या दोघांच्या हाती देणं मला शक्य नव्हतं. मी दोन्ही हातांनी शिंग धरलं, टोपी खुंटावर नुसतीच ठेवलेली होती, ती पिळून वर उचलली आणि साहेबांच्या हातात दिली.

"सांबराचं शिंग भरीव असतं, साहेब. त्याला फाटे असतात आणि दरवर्षी गळतं. हे पोकळ आहे. हात घालून बघा."

साहेबांनी खरंच हात घातला, कोपरापर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. माणूस हुशार होता. "पोकळ शिंग काळविटालाही असतं. पीळही असतो."

"असतो. पण काळविटाचा चेहरा एवढाच." मी ओंजळ दाखवली. "आणि ह्याच्या दोन डोळ्यांमधला हा पांढरा पट्टा बघा. गळ्याखाली ही दाढी बघा. असं जनावर आपल्याकडे एकही नाही. हा आफ्रिकेचा कुडू आहे. कागद मी संध्याकाळपर्यंत आणून दाखवते. तोवर तुमच्या माणसाला इथे बसवा. आई चहा करेल."

"तुम्ही काय शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"मॅट्रिक."

ते शिंग त्यांनी दोन्ही हातांनी, सांभाळून, परत खुंटावर ठेवलं. "संध्याकाळी कागद दाखवा," म्हणाले, आणि शिपायाला चहाला बसवून गेले. मी बस पकडून अंधेरीला गेले. काका माझ्याबरोबर स्वतः आले, कस्टमचे सगळे शिक्के घेऊन. संध्याकाळी परत आलेल्या साहेबांनी कागद वाचले, सही केली आणि जाता जाता शिपायाला म्हणाले, "ह्या बाईंचा पत्ता लिहून घे. जप्तीच्या मालात काय काय पडलंय ते कुणालाच ओळखता येत नाही." बाई! मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि चाळीत मला अजून पोरगी म्हणत.

काका मात्र हे काहीच ऐकत नव्हते. महिन्याभरानंतर कुडूला पहिल्यांदा बघत होते. जवळ गेले, खाली वाकले, डाव्या डोळ्यात पाहिलं, उजव्या डोळ्यात पाहिलं.

"कुठला नवा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं नाही. अजूनही मला त्या क्षणाइतकी शाबासकी कुणी दिलेली नाही.

जूनच्या सुरुवातीला कुडू अंधेरीच्या भिंतीवर चढला. काकांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. त्यांचे मित्र, नातेवाईक जमले होते. जो येईल त्याला ते आधी कुडू दाखवायचे आणि मग आम्हाला. "कुडूची मान ह्या साहेबांनी शिवली. मिलवाले. शोधून दाखव टाका, शोध!" एक जाडजूड गृहस्थ खुर्चीवर चढून भिंग लावून शोधत होते. बाबा इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे होते. चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हते, पण हात पाठीमागे बांधलेले, आणि अंगठा बोटांवरून फिरत होता.

मग काकांनी बाबांना आणि मला कुडूखाली उभं करून फोटो काढला. "त्या माग काढणाऱ्या माणसाला पाठवते," म्हणाले. "त्याला कळू दे, त्याचा कुडू चांगल्या माणसांकडे गेला."

फोटो खरंच गेला. कधी पोचला, कुणी पाहिला, आम्हाला कळलं नाही. पण बाबांना पोचपावतीची गरज नव्हती. नाक्यावर, पाण्याच्या रांगेत, गावच्या माणसांच्या भेटीत ते सांगत सुटले, "आमचो फोटो आफ्रिकेक गेलो." दोन वर्षांत एवढं बोलताना आम्ही त्यांना ऐकलं नव्हतं.

कॉलेज उघडलं तेव्हा सरांनी मला मागच्या खोलीची किल्ली दिली. तिथे जुन्या भरलेल्या जनावरांची कपाटं वर्षानुवर्षं बंद होती. मी म्हटलं, "सर, माझ्याबरोबर एक कारागीर लागेल."

"कुठून आणणार?"

"घरातूनच," मी म्हटलं.

पुढची सहा वर्षं, दर शनिवारी दुपारी, बाबा डबा घेऊन कॉलेजात यायचे. पहिल्यांदा एक मगर शिवली. मग एक कोल्हा, मग पाठीला भोक पडलेलं खवल्या मांजर. मुलं दारात उभी राहून बघायची, आणि बाबा मान वर न करता त्यांना म्हणायचे, "उजेड सोडा रे जरा."